लोणारचे अंश आणि ऑल्टची कळ

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं स्थान टाइप करायचं तर १९° ५८′ उत्तर, ७६° ३०′ पूर्व. आकडे चटकन उमटतात. घोडं अडतं ते अंशाच्या इवल्याशा गोलापाशी.

विंडोजवर ऑल्ट दाबून धरायचं, उजवीकडच्या नंबर पॅडवर ०१७६ मारायचं, ऑल्ट सोडलं की ° हजर. नम लॉक मात्र चालू हवा. वरच्या ओळीतले आकडे इथे कुचकामी!

गोची होते छोट्या वायरलेस कीबोर्डवर. जागा वाचवायला नंबर पॅडच छाटलेला असतो. तिथे नव्या विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीतून चिन्ह उचलावं.

₹ त्यामानाने नशीबवान. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं हे चिन्ह इंग्रजी (भारत) मांडणीत उजवं ऑल्ट आणि ४ दाबताच उमटतं.