मॅकवर विंडोजचे गेम : काय चालतं, काय नाही

अमरावती-अकोल्याची पोरं इंजिनीअरिंगला पुण्याला जातात, मॅकबुक घेऊन सुटीत घरी येतात आणि जुन्या दोस्तांसोबत खेळायला बसली की अडतं. गेम विंडोजचा, मशीन अ‍ॅपलचं. मग कोणीतरी ठासून सांगतं, "व्हर्च्युअल मशीन टाक ना बे, सारं चालते." हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी पैसे जातात.

मुळात व्हर्च्युअल मशीन टाकलं म्हणजे मॅकमध्ये विंडोजचा अख्खा पीसी आला, हा समज जुना आहे. इंटेल चिपच्या मॅकवर २००६पासून 'बूट कॅम्प'ने थेट विंडोज सुरू करता यायचं. नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ चिपचे मॅक आले आणि त्यांच्यावर ती सोय उरली नाही. एम मालिकेच्या मॅकवर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ११ची 'आर्म' आवृत्ती चालते, पण बहुतेक गेम लिहिलेले असतात इंटेल-एएमडीच्या चिपसाठी. म्हणजे गेमची प्रत्येक सूचना आधी आर्मला समजेल अशी करायची. शिवाय चित्रासाठी गेम डायरेक्टएक्स वापरतो, ते अ‍ॅपलच्या 'मेटल'मध्ये बदलायचं. चिप कितीही वेगवान असली तरी हे दुहेरी काम तिलाच उपसावं लागतं. त्यातही व्हर्च्युअल मशीन चालवणारी पॅरलल्स आणि व्हीएमवेअर फ्यूजन ही सॉफ्टवेअर डायरेक्टएक्स ११पर्यंतच साथ देतात. म्हणून 'एज ऑफ एम्पायर्स २'ची डेफिनिटिव्ह आवृत्ती खेळता येते, पण डायरेक्टएक्स १२ लागणारा नवा गेम सुरूच होत नाही. रॅम वाढवूनही नाही.

'व्हॅलोरंट'साठी तर खटपटच करू नका. त्याची 'व्हॅनगार्ड' ही फसवणूक रोखणारी यंत्रणा व्हर्च्युअल मशीन चालवून घेत नाही.

"आठ जीबी पुरते," असंही सांगतात. पुरत नाही. ती मेमरी मॅकओएस, विंडोज आणि ग्राफिक्स अशा तिघांत वाटली जाते. १६ जीबीच्या खाली या भानगडीत पडू नये.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! मॅकबुक एअर ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं, असं अ‍ॅपल स्वतः सांगतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५च्या घरात असतो. एम चिपच्या एअरमध्ये पंखाच नाही, त्यामुळे तापलं की चिप स्वतःचा वेग कमी करते आणि गेम अडखळू लागतो. लोक मशीन बिघडलं समजून दुकानात नेतात. दुपारी न खेळणं हा त्यावरचा बिनखर्ची उपाय आहे.

बूट कॅम्पसाठी स्वस्तातला जुना इंटेल मॅक घेण्याचा मोह मात्र टाळाच. बूट कॅम्प विंडोज १०पर्यंतचंच आणि विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेल मॅकसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती.

माझ्या मते आधी 'क्रॉसओव्हर' बघावं. ते विंडोजचे प्रोग्रॅम इतर यंत्रणांवर चालवणाऱ्या 'वाइन' या सॉफ्टवेअरवर उभं आहे, विंडोज न टाकताच गेम चालवतं, त्यामुळे मेमरी वाचते आणि डायरेक्टएक्स १२चे बरेच गेमही चालतात. त्याआधी मॅकची आवृत्ती आहे का तेही पाहावं. 'बाल्डर्स गेट ३' आणि 'सायबरपंक २०७७'ची आहे. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४पासून सगळ्यांना फुकट आहे, विंडोजचा परवाना वेगळा. पॅरलल्स आणि क्रॉसओव्हर चाचणीपुरते मोफत मिळतात. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मागता येतात.