घरातलं इस्पितळ – लेखांक ६ : आईची रात्रपाळी

मागच्या आठवड्यात आपण अतिदक्षता विभागातून सुटी मिळालेल्या बाळाबरोबर घराच्या उंबऱ्यापर्यंत आलो होतो. आज आत जाऊ. घर अमेरिकेतलं आहे, कारण आजचा प्रश्न तिथे चाळीसहून अधिक वर्षं धसाला लागतो आहे. ज्या मुलाचा श्वास आणि घास दोन्ही नळीवर आहेत, त्याला सांभाळणाऱ्या आईबापांना सरकारनं शिकवावं का, आणि त्या कामाचा पगार द्यावा का?

आधी काम काय आहे ते पाहू. रात्रीचे अडीच वाजलेत. बाळाच्या पायाच्या अंगठ्याला लावलेलं यंत्र कर्कश वाजू लागतं, रक्तातला प्राणवायू खाली आलेला असतो. आई उठते, हात धुते, हातमोजे चढवते आणि बाळाच्या गळ्यातल्या नळीतून एक बारीक नळी आत सारते. किती आत, ते मोजून ठरलेलं असतं आणि पाळण्याच्या वरच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्याहून आत गेली तर श्वासनलिकेला इजा, कमी गेली तर कफ तिथेच. सगळं काही सेकंदांत उरकायचं, कारण कफ ओढला जात असताना श्वासही ओढला जात असतो. शेजारी एक पिशवी कायम तयार असते. तिच्यात त्याच मापाची एक जादा नळी, एक माप लहान नळी, हातानं दाबायचा फुगा, कात्री आणि नळी बांधायच्या पट्ट्या. बाळ बाहेरच्या खोलीत गेलं तरी पिशवी मागोमाग जाते. गळ्यातली नळी कफानं बंद झाली किंवा निसटली तर नवी बसवायला मिनिटंसुद्धा नसतात. अँब्युलन्सची वाट पाहण्याचा तर सवालच नाही.

हे सगळं इस्पितळच शिकवतं. आधी बाहुलीवर, मग नर्ससमोर बाळावर. शेवटी आईवडिलांना इस्पितळातल्याच खोलीत बाळासोबत राहायला लावतात, सगळं त्यांनीच करायचं, नर्स फक्त दाराबाहेर. या परीक्षेत उतरल्याशिवाय सुटी नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की घरातली किमान दोन माणसं तयार झालेली हवीत आणि बाळाजवळ प्रत्येक क्षणी एक प्रशिक्षित माणूस जागं हवं. जागं, हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आठवड्याचे तास १६८. दोन माणसांनी अर्धे अर्धे वाटले तरी प्रत्येकी ८४ तास, आणि त्यात नोकरी, स्वयंपाक, दुसरं मूल, झोप काहीच धरलेलं नाही.

म्हणूनच अशा मुलांना घरी नर्स मंजूर होते. ती कशी मंजूर होऊ लागली, त्यामागे एका मुलीची गोष्ट आहे. आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावातली केटी बेकेट १९७८ साली जन्मली. पाच महिन्यांची असताना तिला मेंदूज्वर झाला, त्यातून पक्षाघात, आणि मग व्हेंटिलेटर. तीन वर्षांहून अधिक काळ ती इस्पितळात होती. विम्याचे पैसे संपत आले तसा खर्च मेडिकेडकडे गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य मिळून चालवतात त्या सरकारी योजनेकडे. दरम्यान केटी घरी जाण्याइतकी सुधारली. पण नियम असा की मूल इस्पितळात असेल तर पैसे मिळणार, घरी आलं की आईबापांचं उत्पन्न मोजलं जाणार आणि मदत बंद. १० नोव्हेंबर १९८१ च्या पत्रकार परिषदेत अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी हा प्रकार देशासमोर मांडला. इस्पितळात ठेवायला महिन्याला ६ हजार डॉलर द्यायला सरकार तयार आणि घरी लागणाऱ्या त्याच्या एक षष्ठांश रकमेला मात्र नाही, याला काय म्हणावं, असा त्यांचा सवाल होता. त्या वर्षीच्या नाताळाआधी केटी घरी आली. १९८२ च्या कायद्यानं राज्यांना मुभा मिळाली की अशा मुलाची पात्रता ठरवताना पालकांचं उत्पन्न बाजूला ठेवावं. पुढे १९८९ मध्ये मेडिकेडवरच्या २१ वर्षांखालच्या प्रत्येकाला वैद्यकीयदृष्ट्या गरजेची सेवा देणं राज्यांवर बंधनकारक झालं, घरच्या नर्सचे तासही त्यातच आले. केटी शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि २०१२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेली. तिची आई ज्यूली शिक्षिका होती. तिनं आपलं उरलेलं आयुष्य अशाच कुटुंबांच्या चळवळीला दिलं.

कागदावर घर जिंकलं, पण घरी यायला नर्सच मिळेना. मेडिकेडचा दर इस्पितळाच्या पगारापुढे तोकडा, त्यात रात्रपाळी, एकटीनं सांभाळायची जबाबदारी, लांबचं घर. कुटुंबाच्या हाती मंजुरीचं पत्र असतं, त्यावर आठवड्याचे भरघोस तास लिहिलेले असतात, आणि त्यातले कित्येक तास कुणीच येत नाही. ते तास कोण भरतं, हे सांगायला नकोच. आई नर्सच्या जागी रात्र काढते, सकाळी कामावर जाता येत नाही म्हणून नोकरी सोडते, आणि ज्या तासांसाठी सरकारनं पैसे राखून ठेवले होते त्यांतला एक डॉलरही तिला मिळत नाही. फ्लोरिडात याचं टोक दिसलं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयानं म्हटलं की घरी नर्स न पुरवल्यामुळे सुमारे १४० मुलं शुश्रूषागृहांत राहत आहेत आणि हा अपंगांविषयीच्या कायद्याचा भंग आहे. राज्य सरकार त्याविरुद्ध अपिलात गेलं.

मग आईलाच का नेमू नये? आडवा येतो तो जुना नियम. अंघोळ, भरवणं, कपडे बदलणं अशा वैयक्तिक सेवेसाठी मेडिकेड 'कायद्यानं जबाबदार' नातेवाइकाला पैसे देत नाही. अल्पवयीन मुलाचे आईवडील त्यात येतात, आजी किंवा मावशी येत नाही. म्हणजे एकाच घरात तेच काम आजीनं केलं तर नोकरी आणि आईनं केलं तर कर्तव्य. नियमामागचा विचार मी झटकून टाकणार नाही. मुलाला भरवणं, धुणं हे आईबापांचं कामच आहे, त्याचे पैसे सरकारनं का द्यावेत? पण या प्रश्नाचं उत्तर अमेरिकी नियमांतच एका संकल्पनेत सापडतं, 'असाधारण काळजी'. त्याच वयाच्या निरोगी मुलासाठी पालक जे करतात त्यापलीकडचं सगळं असाधारण. दोन वर्षांच्या मुलाचा लंगोट बदलणं साधारण, बारा वर्षांच्या मुलाचा बदलणं असाधारण. वाटीचमच्यानं खिमट भरवणं साधारण, पोटातल्या नळीतून थेंबाथेंबानं अन्न देत उलटी फुप्फुसात जात नाही ना हे बघत बसणं असाधारण. माझ्या मते सगळा वाद या रेषेवर आणून ठेवला की सुटतो. आईपणाचा पगार कुणी मागितलेलाच नाही. नर्सची पाळी आई करते, त्या पाळीचे पैसे मागितले आहेत.

काही राज्यांनी वाट काढली. कोलोरॅडोत पालक नर्सच्या मदतनिसाचं प्रमाणपत्र घेतात, घरपोच सेवा देणारी एजन्सी त्यांना नोकरीवर ठेवते आणि एक नोंदणीकृत नर्स ठरावीक काळानं घरी येऊन काम तपासते. या प्रमाणपत्राला केंद्राच्या नियमानं किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. इथे एक विचित्र गाठ बसते. हा अभ्यासक्रम मुळात वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठी बेतलेला. जी बाई महिनोन्महिने आपल्या लेकराची गळ्यातली नळी बदलते आहे, ती वर्गात बसून म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं ते शिकते. आणि बहुतेक राज्यांत हे प्रमाणपत्र मिळालं तरी श्वासनलिकेतला कफ काढण्याची परवानगी त्यात बसत नाही. अंघोळ घालण्याचे पैसे मिळतात, जीव वाचवण्याचे नाहीत. ॲरिझोनानं २०२१ मध्ये या गाठीला हात घातला. 'परवानाधारक आरोग्य साहाय्यक' असा नवा परवाना काढला, खास अशा मुलाच्या पालकांसाठी आणि घरच्यांसाठी. औषध देणं, गळ्यातल्या नळीची निगा आणि नळीवाटे आहार ही कामं त्यात बसवली, आणि तो परवाना त्याच मुलापुरता ठेवला. जे काम प्रत्यक्ष होतं आहे त्यालाच नाव देणारा कायदा, म्हणून तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

पैसे आले की हजेरी आली. अनेक पालकांना आता फोनवर ड्यूटी सुरू-बंद नोंदवावी लागते, रोज काय केलं ते लिहावं लागतं. घर हेच कामाचं ठिकाण झाल्यानं येणारा तपासनीस स्वयंपाकघर ओलांडूनच आत येतो. पैशाच्या लोभानं कुणी मुलाला घरात कोंडेल, बाहेरच्या माणसाला पाऊल टाकू देणार नाही, ही भीतीही खोटी नाही. त्यावर नर्सची भेट हाच इलाज. ती भेट एजन्सीनं नावापुरती उरकता कामा नये. आणि आईला पगार दिला म्हणून मंजूर नर्स काढून घेता कामा नये. पगारानं झोप विकत घेता येत नाही. तिला सलग सहा तास निजायला मिळावं म्हणून दुसरं शिकलेलं माणूस लागतंच.

कोविडच्या काळात केंद्रानं नियम सैल केले आणि बऱ्याच राज्यांत पालकांना पहिल्यांदा मोबदला मिळाला. इंडियाना त्यांतलंच. डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्याच्या मेडिकेडच्या अंदाजपत्रकात जवळपास १ अब्ज डॉलरचा खड्डा निघाला आणि पुढच्याच महिन्यात जाहीर झालं की पालकांना तासावर मिळणारे पैसे १ जुलै २०२४ पासून बंद. त्याऐवजी दिवसाला ठरावीक रकमेची दुसरी योजना, तिचा आकडा बराच कमी. व्हीलचेअर आणि व्हेंटिलेटरसह मुलांना घेऊन आईबाप विधानभवनात जाऊन उभे राहिले. नोकरी सोडून त्यांनी या पगारावर घर उभं केलं होतं. हिशेब चुकला सरकारी कचेरीत आणि भरपाई पाळण्याजवळ झाली, याचा मला राग येतो.

तिकडच्या मराठी घरांनाही हा प्रश्न शिवतो. मुलाचा जन्म तिथला, म्हणजे मूल नागरिक. केटीच्या वाटेनं पालकांचं उत्पन्न न मोजता त्याला मेडिकेड मिळू शकतं. पण आई एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाशी जोडलेल्या) असेल आणि कामाचा परवाना नसेल, तर ती परीक्षा देऊनही पगारी साहाय्यक होऊ शकत नाही. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना परवाना मिळतो, पण नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याच्या पुढे गेला असेल तरच.

आणि आपल्याकडे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहकाचा भत्ता असावा असं लिहिलेलं आहे. केरळमध्ये 'आश्वासकिरणम' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपये ठरलेले आहेत. म्हणजे दिवसाला २० रुपये. शहरात ब्युरोकडून रात्रीपुरती मावशी बोलावली तरी एका रात्रीला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, आणि तिला गळ्यातल्या नळीला हात लावायला कुणी शिकवलेलं नसतं.

पुढच्या आठवड्यात शिकवण्याकडेच वळू. दिल्लीतल्या एका सरकारी इस्पितळानं नवजात बाळांच्या विभागाचं दार आईबापांना उघडून दिलं आणि त्यातून २०१७ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना कशा आल्या, ते पाहू.