जमाखर्च पाण्याचा (भाग 7) : पट्टी ठोक, बिल युनिटवर

मागच्या भागात शहरातलं मीटर पाहिलं. अमरावतीत महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी मोजून देतं आणि तसं बिल पाठवतं. आज परतवाडा-धारणी रस्त्याने मेळघाटात, सिपना नदीकाठच्या सेमाडोहला जाऊ. अशा गावात पाण्याचे पैसे कोण ठरवतं?

ग्रामपंचायत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 124 ने तिला हा अधिकार दिला आहे. सार्वजनिक सोयीसाठी सामान्य पाणीपट्टी, घरी नळ घेतला तर विशेष पाणीपट्टी. कोणाकडे किती येणं आहे ते नमुना 9 च्या मागणी नोंदवहीत असतं. पैसे भरले की नमुना 10 ची पावती मिळते. मीटर नसेल तिथे पट्टी वर्षाची ठरलेली, मग घरी दोन गुंड भरा नाहीतर अख्खी टाकी. म्हणून वऱ्हाडात सहज कानावर पडतं, "नळ चालू राह्यला तं काय झालं, पट्टी तं तेवढीच येते!"

गोम इथेच आहे. गावकऱ्यांची पट्टी ठोक, पण विहिरीवरचा पंप महावितरणच्या मीटरवर. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि पंपचालकाचं मानधन वेगळंच. टाकीच्या व्हॉल्व्हमधून मिनिटाला एक लिटर गळत असेल, तर दिवसाला 1,440 लिटर जातात. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या मापाने हे 26 जणांचं पाणी. ते उपसायला लागलेली वीज मात्र सगळ्या गावाच्या नावावर चढते. वीजबिलाची थकबाकी वाढून पंपाची जोडणी तुटली, की वेळेवर पट्टी भरणाऱ्याचाही नळ कोरडा.

मेळघाटात पाऊस भरपूर, पण उतार तीव्र आणि खाली काळा कातळ. पाणी मुरायच्या आत सिपनेतून तापीकडे निघून जातं. उन्हाळ्यात विहिरीची पातळी 15 मीटरवरून 30 मीटरवर गेली, तर तेवढंच पाणी वर आणायला साधारण दुप्पट वीज लागते. म्हणजे वरच्या नाल्यात बंधारा घालून पाणी मुरवलं, तर विहिरीची पातळी टिकते आणि विजेचं बिलही कमी होतं. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत अशा कामाला वनविभागाची संमती लागते, ती ग्रामपंचायतीने वेळेत मागायला हवी.

ठोक पट्टीत एकट्याने वाचवलेल्या पाण्याचा फायदा त्याच्या पावतीत दिसत नाही. तो गावाच्या विजेच्या बिलात दिसतो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत नमुना 9 आणि पंपाची वर्षभराची वीजबिलं शेजारी ठेवायला सांगा. पट्टी वाढवायची, गळती बुजवायची की बंधारा घालायचा, हे त्या दोन कागदांवरून ठरवता येतं.

(पुढील भागात : मीटरचे टप्पेवार दर)