सातबारा कुणाच्या नावाचा?

गोव्यात घरं घेणाऱ्या ब्रिटिशांविषयी स्थानिकांची तक्रार ऐकली, की मला ताडोबाभोवतीची गावं आठवतात. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला फेमा कायद्यानुसार इथे घर घेता येत नाही. पुण्या-नागपूरच्या माणसाला तशी आडकाठी नाही. त्याच्या नावावर कुठेतरी शेती असली की पुरे. १९५५चं राष्ट्रीय उद्यान १९९५मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, २०१०मध्ये बफर क्षेत्र जाहीर झालं आणि मोहर्ली-कोलाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांना पर्यटनाचा भाव आला.

आदिवासी खातेदाराला आधार आहे. महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार त्याची जमीन बिगरआदिवासीला विकायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची व शासनाची मंजुरी लागते. शेजारच्या कुणबी-माळ्याला ही ढाल नाही. तो एकदा विकतो, पैसा लग्नाकार्यात जातो आणि स्वतःच्याच बांधीवर तो पहारेकरी होतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०१३मध्ये ग्रामदान केलं. तिथे कसणारा कसतो, पण जमीन परस्पर बाहेर विकू शकत नाही. म्हणून मला वाटतं, घेणारा साहेब की मराठी, हा प्रश्न दुय्यम आहे. विकण्याचा निर्णय अडचणीतल्या एकट्याने घ्यायचा की गावाने बसून, हा खरा प्रश्न आहे.