पाठीचे दुखणे आणि मनाचे ओझे

उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकावर सकाळच्या पहिल्या गाड्यांना जी मंडळी उभी असतात, त्यांत गेली कित्येक वर्षे मीही एक आहे. देवासची बस धरायची, शाळा गाठायची, संध्याकाळी परतायचे. शेजारून हमाल डोक्यावर दोन-दोन पेट्या घेऊन जातात (त्यांच्या कंबरा दुखत नाहीत असे नव्हे, पण त्यांना विचारतो कोण?) आणि मी, हाती केवळ वह्यांची पिशवी असताना, खांबाला टेकून कंबर सावरीत असे.

दुखणे सुरू झाले ते आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी. तिला उठवताना एकदा चमक भरली. चार-आठ दिवसांत जायची ती गेलीच नाही. आई गेली, दोन वर्षे लोटली, कंबर मात्र धरलेलीच. लेप झाले, शेक झाला, गादी जाऊन फळी आली. चित्र काढले तेव्हा मणक्यांमधील एक चकती किंचित फुगलेली निघाली, आणि अपराधी सापडल्याचे समाधान घरच्यांना मिळाले. एका वयस्क डॉक्टरांनी मात्र विचारले, "बाई, त्या वर्षी घरी काय घडले होते?" मला तो प्रश्न झोंबला. "म्हणजे माझे दुखणे खोटे, असेच ना?" मी तडकून म्हणाले.

खोटे मुळीच नव्हे. परंतु चकतीकडे बोट दाखवून सारे उलगडते असेही नाही. १९९४ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. पाठीची काहीच तक्रार नसलेल्या ९८ माणसांच्या मणक्यांची चुंबकीय चित्रे तीत तपासली होती; त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची एखादी तरी चकती फुगलेली आढळली. चकती तशीच, दुखणे मात्र नाही!

मग वेदना येते कोठून? १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल ह्या दोघा शास्त्रज्ञांनी असा विचार मांडला की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक द्वार असते. शरीराकडून येणारी वर्दी त्यातून मेंदूकडे जाते. आणि ते किती उघडावे, ह्याविषयी मेंदूही वरून आज्ञा धाडीत असतो. भय, चिंता, दुःख असले की ते अधिक उघडते; लक्ष रमले, धीर आला की मिटते. पुढील संशोधनाने ह्या चित्रात पुष्कळ फेरफार केले, पण मेंदू वेदना वाढवू वा दाबू शकतो हा गाभा टिकून आहे.

त्यात भय स्वतःचे एक चक्र फिरवते. पुन्हा चमक भरेल म्हणून मी वाकणे सोडले. वाकणे सोडल्याने स्नायू आखडले, आखडलेले स्नायू लवकर दुखू लागले, आणि दुखले की भय खरे ठरले! जखम केव्हाच भरली असावी. पहारा तेवढा उठला नव्हता.

२०२१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जुनाट पाठदुखीच्या १५१ रुग्णांपैकी एका गटाला, ही वेदना इजेची नसून मेंदूच्या चुकलेल्या इशाऱ्याची आहे, हे महिनाभर समजावून व हालचाल करवून पटवले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांचे दुखणे गेले वा नाममात्र उरले. नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांत दहांतील एकाचे. रुग्ण बहुतांशी सौम्य ते मध्यम दुखण्याचे होते, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून प्रत्येक कंबरदुखी मनावर ढकलू नये. पायांतील बळ जाणे, जांघेत बधिरता, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, पडल्यानंतरचे दुखणे ह्यांचीही तपासणी विनाविलंब व्हावी; मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आढळतो.

माझी तशी तपासणी आधी झाली होती, म्हणूनच डॉक्टर तो प्रश्न विचारू शकले. त्यांनी औषध कमी केले, रोज चालायला सांगितले, आणि आईविषयी कोणाशी तरी बोला म्हणाले. बहिणीशी बोलले. पहिल्या दिवशी आम्ही दोघी नुसत्या रडलो. आता वह्यांची पिशवी मी वाकून उचलते. परीक्षेच्या निकालाच्या सुमारास कंबर अजून कुरकुरते. तेव्हा खांब न शोधता मी स्थानकाभोवती एक फेरी मारून येते, तोवर बस लागलेली असते.