भूल पूर्ण की कमरेखालची?

गर्भाशयाची सफाई किंवा लहानसा पॉलिप काढणे अशा किरकोळ शस्त्रक्रियेसाठी उमरीहून नांदेडला, विष्णुपुरीच्या सरकारी इस्पितळात निघालेल्या बाईला शस्त्रापेक्षा भुलेचीच धास्ती अधिक असते; आणि कमरेत सुई घेतली की जन्माची कंबर गेली, हा आळीतला फतवा तर तिच्या कानी आधीच पडलेला असतो. १८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी शस्त्रक्रियेसाठी प्रथम वापरलेल्या या मणक्यातील भुलेत, पाठ वाकवून बसविलेल्या रुग्णाच्या कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुईने औषध आत सोडतात. काही मिनिटांत पाय जड होऊन कमरेखालचा भाग बधिर होतो, शुद्ध मात्र शाबूत राहते. कायमच्या कंबरदुखीचा आरोप निराधार आहे; रक्तदाब उतरणे, क्वचित डोके दुखणे, काही काळ लघवी तुंबणे या तक्रारी खऱ्या. दहा-पंधरा मिनिटांच्या सफाईला शिरेतून दिलेली पूर्ण भूल, माझ्या मते, बहुधा सोयीची, कारण बाई लवकर चालती-फिरती होते. परंतु दमा किंवा छातीचा जुना विकार असेल, तर मणक्यातील भुलेचे पारडे जड होते, आणि रक्त पातळ करणारी काही औषधे चालू असल्यास तीच भूल बहुधा टाळावी लागते. तेव्हा भूल कोणतीही ठरो, आधी किमान सहा तास अन्न घेऊ नये, आणि संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी चालू गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञाच्या हाती द्यावी.