टोलनाक्यावरची बिनबॅटरीची पट्टी

टोलनाक्यावर मोटार येते, आडवा दांडा वर उठतो आणि थोड्याच वेळात मालकाच्या फोनवर पैसे कापल्याचा संदेश येतो. ही किमया समोरच्या काचेला आतून चिकटवलेल्या एका पातळ पट्टीची आहे. तिचे नाव फास्टॅग. १ डिसेंबर २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या चारचाकी गाड्यांना ती बसवूनच देणे बंधनकारक झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांच्या सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या.

गाडी जुनी असेल किंवा काच बदलली असेल, तर ही पट्टी आपणच बसवतो. त्यासाठी सूचना असतात : काचेलाच लावा, मधोमध वर लावा, घडी घालू नका, हातात धरून दाखवू नका. या सूचना पाठ करण्याचे कारण नाही. पट्टीत बॅटरी नसते, एवढे ध्यानात ठेवले की त्या एकेक करून उलगडत जातात.

बॅटरी नाही, मग पट्टी चालते कशावर? पट्टीत दोनच भाग असतात. धातूच्या पातळ पापुद्र्याची अँटेना आणि तिला जोडलेली, मोहरीहूनही लहान अशी एक चिप. नाक्यावरील वाचकयंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओ तरंगांचा झोत गाडीवर टाकते. हे तरंग अँटेनावर पडले की तिच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरच चिप जागी होते.

ही ऊर्जा किती असेल? हिशेब करू. झोताच्या दिशेने वाचकयंत्राचा प्रभाव सर्व बाजूंना सारखी ऊर्जा टाकणाऱ्या ४ वॉटच्या उगमाइतका आहे, असे धरा. ५ मीटर अंतरावर ही ऊर्जा ५ मीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठभागावर, म्हणजे सुमारे ३१४ चौरस मीटरवर पसरते. दर चौरस मीटरच्या वाट्याला आले सुमारे १३ मिलिवॉट. अँटेना त्यातील १०० चौरस सेंटिमीटरवरची ऊर्जा टिपते असे मानले, तर हाती लागतो वॉटचा सुमारे आठ हजारावा भाग. चिपला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी ऊर्जाही साधारणपणे पुरते. हिशेब जमला खरा, पण शिल्लक फार नाही. म्हणूनच पट्टी कुठे आणि कशी बसवली, याला एवढे महत्त्व.

आता सूचनांकडे वळू. रेडिओ तरंग साध्या काचेतून सहज आरपार जातात, धातूवरून मात्र परावर्तित होतात. दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे हलवून पाहा. खुंटीजवळ दोरी हलतच नाही. धातूच्या पत्र्यालगत तरंगाचे विद्युतक्षेत्रही असेच मावळते. पट्टी बॉनेटवर किंवा छताच्या पत्र्याच्या अगदी काठाशी लावली, तर ती उपाशी राहील. काही गाड्यांच्या काचेवर ऊन अडवणारा धातूचा सूक्ष्म थर असतो. तिथेही हीच अडचण येते. अशा काचेत बहुधा आरशाजवळ थर नसलेली जागा सोडलेली असते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ती शोधावी.

घडी का नको? ८६६ मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. चांगल्या अँटेनाची लांबी त्याच्या निम्मी, म्हणजे १७ सेंटिमीटरच्या आसपास हवी. छोट्या पट्टीत ती मावावी म्हणून पापुद्रा नागमोडी वळवलेला असतो. घडी पडली की तो तुटू शकतो.

हातात धरलेली पट्टीही नीट चालत नाही. आपल्या शरीरात खारट पाणी भरपूर असते. ते हे तरंग शोषते, शिवाय अँटेनाचा सूर बिघडवते. अशा सुट्या पट्ट्यांमुळे नाक्यावर खोळंबा होतो, म्हणून त्या काळ्या यादीत टाकण्याचे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ठरवले.

तेव्हा बसवताना काच आतून स्वच्छ पुसून कोरडी करावी, आरशामागची जागा आधीच नक्की करावी, मगच मागचा कागद सोलून पट्टी एकदाच, हवेचे बुडबुडे न राहतील अशी दाबावी. पट्टी उपटली की अँटेना फाटते. ती दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये, म्हणून मुद्दामच तशी बनवलेली असते.

जागी झालेली चिप उत्तर कसे देते? स्वतःचे तरंग निर्माण करण्याइतकी शक्ती तिच्यात नाही. ती अँटेनाकडून होणारे परावर्तन कमीजास्त करते. तुम्ही आरशाने भिंतीवर कवडसा पाडता आणि आरसा हाताने झाकत-उघडत मित्राला खूण करता. उजेड सूर्याचा, खूण तुमची. तसेच हे आहे. परावर्तित ऊर्जेने संदेश पाठवण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली एका शोधनिबंधात मांडली होती.

चिपच्या खुणेत असतो मुख्यतः एक ओळखक्रमांक. पैसे पट्टीत नसतातच, ते खात्यात असतात. जून २०२२ मध्ये एक चित्रफीत देशभर फिरली. काच पुसणारा मुलगा मनगटी घड्याळ पट्टीसमोर धरून पैसे पळवतो, असे तिच्यात भासवले होते. कितीतरी लोक घाबरले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खुलासा केला, की फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणी झालेल्या व्यापारी यंत्रणेकडे जातात, व्यक्तीकडे नाही. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्याआधीही शंका यायला हवी होती. पैसे देणारी घड्याळे १३.५६ मेगाहर्ट्झवर आणि काही सेंटिमीटर अंतरावरच बोलतात. ८६६ मेगाहर्ट्झच्या पट्टीशी त्यांचा संवाद व्हावा कसा?

शेवटी एक गणित तुमच्यासाठी. वाचकयंत्रापासूनचे अंतर ५ वरून १० मीटर केले, तर पट्टीला किती ऊर्जा मिळेल आणि ती चिपला पुरेल का? वरच्याच रीतीने सोडवा आणि उत्तर आपल्या शिक्षकांना दाखवा. पुढच्या प्रवासात नाक्यावर गाडी थांबली, की वाचकयंत्र किती अंतरावर बसवले आहे, तेही खिडकीतून पाहून ठेवा.